काचेआडचं ऊन : शॅमेलिअन आजारी आहे हे ओळखायचं कसं?

गेल्या जुलैमध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या एका नाशिककर कुटुंबाने मला त्यांच्या घराची किल्ली दिली. दोह्यात हे दर उन्हाळ्यात होतं. शाळा बंद होतात, विमानं भरून माणसं भारतात जातात आणि मागे उरलेल्यांकडे कुंड्या, मासे, मांजरं सोपवली जातात. अल सद्दच्या या बिल्डिंगमध्ये मी एकटी राहणारी, पोस्टडॉक करणारी, सुट्टी न मिळालेली. म्हणजे सगळ्यांची हक्काची किल्लीवाली. पण या वेळी कुंड्या नव्हत्या. पेशवे होते.

पेशवे म्हणजे आठ-नऊ महिन्यांचा नर व्हेल्ड शॅमेलिअन. या जातीच्या डोक्यावर उंच, टोकदार तुरा असतो. तो पगडीसारखा दिसतो म्हणून घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाने हे नाव ठेवलं, आणि मग घरात सगळे आदरार्थीच बोलायला लागले. "पेशवे नऊला उठतात. त्यांना एक दिवसाआड आठ रातकिडे. संध्याकाळी थोडा फवारा मारायचा, बास." कतार सोडून जाणाऱ्या कुणीतरी काचेच्या टाकीसकट हा प्राणी त्यांना देऊन टाकला होता. सोबत माहिती अशी काही नाही. मुलाने आपल्या परीने विचार करून टाकी दक्षिणेच्या खिडकीपाशी ठेवली होती, दिवसभर ऊन मिळावं म्हणून.

हाडांवरच्या भागात मी हे दोन वाक्यांत सांगून पुढे गेले होते. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं, कुणाकडे शॅमेलिअन आहे, कुणाकडे गेको, कुणाला घ्यायचाय. म्हणून हा सविस्तर लेख. आधीच सांगते, मी प्राण्यांची डॉक्टर नाही. माझी पीएचडी जर्मनीतली, विषय हाडांच्या पेशी. रोज सकाळी मी प्लेटमधल्या पेशींना कॅल्शियम घालते. आणि तरीही समोरच्या टाकीत एका प्राण्याची हाडं विरघळतायत हे मला आठ दिवस कळलं नाही.

शांत नव्हते, आजारी होते

पहिले आठ दिवस मी काय पाहिलं ते सांगते, कारण बहुतेकांचं असंच होतं. पेशवे खालच्या फांदीवर बसून असायचे. फारशी हालचाल नाही. रंग जरा काळपट हिरवा. मला वाटलं, केवढा गुणी प्राणी आहे. रातकिडे टाकले की काही गायब व्हायचे, काही राहायचे. नवव्या दिवशी मी जरा वेळ बसून राहिले. एक रातकिडा बोटभर अंतरावर आला. पेशव्यांनी दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले, तोंड उघडलं, जीभ ओठांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. मग ते पुढे सरकायला गेले, तेव्हा दिसलं की पुढचा डावा हात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये धनुष्यासारखा वाकलाय. हाताला जिथे सांधाच नाही तिथे वाकलाय.

शॅमेलिअनची सगळ्यात मोठी अडचण ही की तो आजार लपवतो. हा काही त्याचा हट्ट नाही. झाडावर एकटा राहणारा, सावकाश चालणारा, पक्षी आणि साप यांचं खाद्य असलेला प्राणी लंगडताना दिसला की संपला. त्यामुळे अंगात ताकद आहे तोवर तो ठीक असल्यासारखाच बसतो. आपल्याला "आज जरा मलूल वाटतोय" असं वाटतं, तेव्हा खरं तर आजार आठवड्यांचा असतो, कधी महिन्यांचा. कुत्र्याच्या बाबतीत आपण "दोन दिवस बघू" म्हणतो ते एक वेळ चालतं. इथे ते दोन दिवस आपण आधीच खर्च केलेले असतात.

मग बघायचं काय? रंग सोडून बाकी सगळं, असं मी म्हणेन. रंगावर आपला फार विश्वास असतो. मराठीत तर सरडा म्हटलं की रंग बदलणं एवढंच आठवतं. (तसं पाहिलं तर आपल्या कुंपणावरचा सरडा वेगळा. खरा शॅमेलिअन आपल्याकडेही आहे, त्याला कुठे घोयरा म्हणतात, कुठे सरडगुहिरा. लोक त्याला विषारी समजतात आणि तो बिचारा साफ बिनविषारी आहे.) पण शॅमेलिअन मागच्या पानाशी जुळवून घ्यायला रंग बदलतो हा गैरसमज आहे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेने मांडलेले असतात, आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. तो अभ्यास मादागास्करच्या पँथर शॅमेलिअनवरचा. हे अंतर बदलतं ते राग, भीती, मादी दिसणं यामुळे. उष्णतेचाही रंगाशी संबंध आहे. सकाळी गार अंगाने उठलेला शॅमेलिअन काळपट असतो, कारण गडद रंग ऊब जास्त घेतो. त्यात काळजी नाही. दुपारीही तो तसाच काळा राहिला, किंवा आजारी माणसासारखा फिकट पडला, तर काळजी. रंग हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

त्यापेक्षा डोळे बघा. शॅमेलिअनचे डोळे दिवसभर फिरत असतात, एक इकडे, एक तिकडे. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिअन झोपाळू नसतो. दिवसा मिटलेले डोळे एवढ्या एका खुणेवर मी डॉक्टरांना फोन करेन. डोळे खोल गेलेले असतील तर अंगातलं पाणी कमी झालंय. एखादा सुजून चिकटला असेल तर संसर्ग, अडकलेली कात किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी काहीतरी आहे.

मग पकड. त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, बोटं दोन आणि तीन अशी समोरासमोर. निरोगी मोठ्या शॅमेलिअनने बोट पकडलं की आपल्याला ते जाणवतं, नखं टोचतात. पेशव्यांची पकड तान्ह्या बाळाने पदर धरावा तशी होती. चालताना पोट फांदीला घासणं, कोपरावर रेलून चढणं, उंच फांदी सोडून रात्री तळाशी झोपणं, ही सगळी एकाच गोष्टीची रूपं.

जीभ नीट न सुटणं, नेम चुकणं, जीभ बाहेर राहणं हेही त्यात आलंच. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते कमी पडलं की अंगातला सगळ्यात वेगवान अवयव आधी मंदावतो. मुलगा मला फोनवर म्हणाला, "पण ते महिनाभर असंच खातायत, मला वाटलं मोठे झाल्यावर आळशी होतात." मी त्याला काय बोलणार? मी आठ दिवस तेच समजत होते.

आणि एक गोष्ट जी कुणीच करत नाही आणि सगळ्यांनी करावी: वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या, त्यावर एक काठी टेकवून ठेवा, आठवड्यातून एकदा त्याला वर चढू द्या आणि आकडा वहीत लिहा. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी काट्याला कळतं.

नाशिकचा मुडदूस

पेशव्यांना जे झालं होतं त्याला प्राण्यांचे डॉक्टर मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. पाळीव शॅमेलिअनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसणारा हा आजार. आपल्याकडे लहान मुलांच्या अशाच आजाराला एक जुना, चांगला शब्द आहे, मुडदूस. दोन्हींची मुळातली गोष्ट एकच.

कातडीत कोलेस्टेरॉलच्या घराण्यातलं एक द्रव्य असतं. सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण त्यावर पडले की त्याचा आकार बदलतो आणि शरीराच्या उबेने त्याचं ड-३ जीवनसत्त्व होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात, आणि जे तयार होतं ते आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे. हा निरोप गेला नाही तर तोंडाने कितीही कॅल्शियम द्या, बरंचसं तसंच बाहेर पडतं. रक्तातलं कॅल्शियम मात्र खाली जाऊन चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून कॅल्शियम काढायला लागतात. मुदत ठेव मोडून रोजचा किराणा भरावा, तसं. हाडं मऊ होतात, वाकतात, जबडा रबरासारखा होतो, फांदीवरून चढताना हात मोडतो. पेशव्यांच्या एक्स-रेमध्ये हाडं आणि मांस यांच्या करड्या रंगात जेमतेम फरक होता, आणि डाव्या हातात एक जुनं, आपोआप वाकडं जुळलेलं फ्रॅक्चर होतं. कधीचं ते कुणालाच माहीत नाही.

आता खिडकीबद्दल. साधी काच उजेड आत सोडते, ऊबही आत सोडते, पण यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. पेशव्यांच्या आणि उन्हाच्या मध्ये दोन काचा होत्या, एक खिडकीची, एक टाकीची. टाकीवरचा बल्ब नुसता उष्णतेचा. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रखर उन्हाच्या प्रदेशांपैकी एका ठिकाणी, दक्षिणेच्या खिडकीत बसून, या प्राण्याला कित्येक महिन्यांत कामाचं ऊन मिळालेलं नव्हतं. वर बंद काचेत तापमान वाढतं ते वेगळंच.

हे वाचून हसू नका. कतारमध्ये माणसांच्या झालेल्या अनेक तपासण्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता फार मोठ्या प्रमाणात आढळली आहे. माझाही आकडा इथे आल्यावर पहिल्या वर्षीच खाली गेला होता. घर, गाडी, लॅब, मॉल, सगळीकडे काच आणि एसी.

आणि ही गोष्ट शास्त्राला कळली त्यात एक धागा थेट नाशिकचा आहे. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि एक्स-रेमध्ये हाडं भरून येताना दाखवली. एकाच हातावर किरण दिले तरी दुसराही हात सुधारला. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून फिरत होतं. त्या काळी मोठा वाद होता: मुडदूस निकस अन्नाने होतो की उजेड न मिळाल्याने? १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक भागातल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते उलटंच होतं. पडदा पाळणाऱ्या, बऱ्या घरच्या बायका-मुलांचं खाणं चांगलं, पण मुडदूस त्यांच्यात. शेतात, रस्त्यावर मजुरी करणाऱ्यांचं खाणं निकृष्ट, पण त्यांची मुलं दिवसभर उन्हात, आणि त्यांच्यात मुडदूस जवळपास नाही. घराच्या आत ठेवलेलं, जपलेलं मूल आजारी पडत होतं.

मी हे त्या मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो नाशिकलाच होता, आजीच्या गच्चीवर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांना पडद्यात ठेवलं."

आता यातला दिलासा देणारा भाग. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिअनवर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या खाण्यात ड-३ कमी होतं ते आपणहून यूव्हीच्या उजेडात जास्त वेळ बसले, ज्यांना खाण्यातून भरपूर मिळत होतं त्यांनी उजेड टाळला. म्हणजे निदान त्या जातीला तरी आपली गरज ओळखता येते. आपण फक्त उजेडाची जागा आणि सावलीची जागा, दोन्ही द्यायच्या. व्यवहारात याचा अर्थ असा: सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी लांब यूव्हीबी ट्यूब, पिंजऱ्याच्या वर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नाही, रोज साधारण बारा तास. छोटे गोल बल्ब तेवढ्या जागेत नीट पसरत नाहीत. ट्यूब दिसायला जळत राहते पण तिचं यूव्हीबी हळूहळू संपतं, म्हणून साधारण वर्षाने बदलायची. कंपनीने सांगितलेलं अंतर पाळायचं, कारण जाळीसुद्धा थोडं यूव्हीबी खाते.

दोह्यातलं खरं ऊन द्यायचं तर नोव्हेंबर ते मार्च, सकाळी, बाल्कनीत, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, आणि तुम्ही शेजारी बसून. उन्हाळ्यात अजिबात नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, ती उगाच नाही. काचेची टाकी उन्हात ठेवणं तर कोणत्याच महिन्यात नको.

दुसरी बाजू खाण्याची. रातकिड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतं, आणि आपल्याला प्रमाण उलटं हवं. म्हणून किडे देण्याआधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, करंजी पिठात घोळवावी तितपत, जाड थर नाही. ड-३ असलेली आणि जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून एक-दोनदा पुरते. आणि किड्यांनाही आदल्या दिवशी नीट जेवू घालायचं, पालेभाजी, गाजर, भोपळा. उपाशी किडा म्हणजे रिकामं पाकीट.

पाण्याची गोष्ट

व्हेल्ड शॅमेलिअन मूळचा येमेनचा आणि सौदीच्या नैऋत्य कोपऱ्याचा. नकाशावर आमच्यापासून तसा जवळ, म्हणून इथे अनेकांना वाटतं की हा वाळवंटी प्राणी, त्याला पाणी कशाला. पण येमेनच्या त्या डोंगरउतारांवर पाऊस पडतो, धुकं येतं, झाडी आहे. तो पानांवरचे थेंब चाटून पितो. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला बहुतेक वेळा पाणी म्हणून कळतच नाही. वाटी भरलेली आणि प्राणी तहानलेला, हे दृश्य मी नंतर आणखी एका घरात पाहिलं.

यावर ठिबक हा उपाय. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र असतं, अगदी तसंच. एका डब्याच्या तळाला बारीक भोक, पाणी थेंबथेंब पानांवर, खाली जमा करायला भांडं. सकाळी आणि संध्याकाळी काही मिनिटं फवारा, रात्री आर्द्रता जरा जास्त, दिवसा पिंजरा पुन्हा कोरडा. दोह्यात एक खास भानगड आहे. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं (आम्ही सगळे बंद केलेल्या गीझरमधलं पाणी गार म्हणून वापरतो). ते थेट फवाऱ्यात भरू नका. पाणी आधी घरात भरून ठेवा.

पाणी पुरतंय का हे कळायला विष्ठा बघायची. तुम्ही लहानपणी भिंतीवरच्या पालीची लेंडी पाहिली असेलच, काळी आणि टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा भाग म्हणजे युरेट, त्याची लघवी. शॅमेलिअनचंही तसंच. तो भाग पांढरा असेल तर ठीक. पिवळा, केशरी आणि खडूसारखा कोरडा झाला तर पाणी कमी पडतंय. हे दीर्घकाळ चाललं तर मूत्रपिंडं खराब होतात, सांध्यात युरिक आम्ल साचून पाय सुजतात, आणि तिथून परत येणं अवघड. विष्ठा पातळ, रक्ताची किंवा फार घाण वासाची असेल तर जंत किंवा इतर परजीवी असू शकतात. ताजा नमुना बंद डबीत घालून डॉक्टरांकडे नेला तर सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. नवीन प्राणी घेतल्यावर ही तपासणी एकदा करून घ्यावीच.

एसीचा थेट झोत मात्र नको. रात्री खोली वीस-बावीस अंशांवर गेली तर मोठ्या व्हेल्ड शॅमेलिअनला त्रास नाही, उलट डोंगरात रात्री गारवाच असतो. पण दिवसा त्याला एका कोपऱ्यात २९-३२ अंशांची ऊब लागते, आणि बाकी पिंजरा त्यापेक्षा थंड. ऊब मिळाली नाही तर अन्न पचत नाही आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. बंद काचेची दमट टाकी, दिवसभर गारवा, हे श्वसनाच्या संसर्गाला आमंत्रण. तो खोकू शकत नाही, त्यामुळे खोकला ऐकू यायची वाट बघू नका. मान ताणून तोंड वर करून बसणं, तोंड उघडं ठेवणं, श्वास घेताना चटचट किंवा घुरघुर आवाज, तोंडाशी बुडबुडे, या खुणा. फक्त बल्बखाली तोंड उघडलं असेल तर आधी तापमान बघा, कदाचित त्याला नुसतं उकडतंय. बल्ब अंगाला लागेल इतका जवळ असेल तर पाठीवर भाजतं आणि तो तिथून हलतही नाही.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही ठाऊक नसल्याने फार माद्या मरतात. नर कधीही भेटला नाही तरी ती अंडी घालते, एका वेळी वीस ते साठ, कधी त्याहूनही जास्त. त्यासाठी तिला खणायला ओलसर वाळूचा फूटभर खोल डबा लागतो. तो नसेल तर ती अंडी अडवून धरते. पिंजऱ्यात येरझारा, तळाशी खणणं, खाणं बंद, ही वेळ जवळ आल्याची चिन्हं. पण ती डोळे मिटून निपचित पडली आणि अंडी आली नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर. नर आणि मादी ओळखणं सोपं आहे: नराच्या मागच्या पावलाला टाचेपाशी जन्मापासूनच छोटा काटा असतो.

त्या दिवशी काय केलं, काय करायला नको होतं

पहिली चूक मी जवळजवळ केलीच होती. पेशव्यांच्या घरी औषधांच्या डब्यात भारतातून आणलेली ड-३ ची पाकिटं होती, ६०,००० युनिटची. तुमच्याही घरात असतील. एक क्षण वाटलं, चिमूटभर देऊया का. मग वजन आठवलं. शंभर ग्रॅमच्या आतला प्राणी. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, आणि जास्तीमुळे कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जमा होतं. माणसांचं औषध द्यायचं नाही. हळद, मध, उरलेलं अँटिबायोटिक, काहीही नाही. तोंडात पिचकारीने जोरात पाणीही घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेपाशीच असतं, पाणी फुप्फुसात जातं.

मग दवाखाना. दोह्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत, पण सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधावा लागतो. मी चार ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी सांगितलं, कॅल्शियम द्या आणि पंधरा दिवसांनी बघू. पाचव्या ठिकाणी पलीकडच्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "ट्यूब कोणती आहे, आणि कधी बदलली?" तेव्हा कळलं की हाच माणूस. तुम्ही कुठेही असा, प्राणी ठणठणीत असतानाच हा फोन करून ठेवा. पक्षी आणि सरडे पाहता का, एक्स-रे आहे का, रात्रीचं काय, एवढं विचारायचं. युरोपात आणि अमेरिकेत 'एक्झॉटिक' प्राण्यांचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांच्या संघटनांच्या याद्याही असतात.

नेताना हवेशीर डब्यात आडवी काठी बांधली, खाली टॉवेल, वर कापड म्हणजे अंधार. गाडी आधी थंड केली आणि सूर्य मावळल्यावर निघाले. सोबत नेलं ते असं: पिंजऱ्याचे, बल्बचे आणि पावडरच्या डब्याचे फोटो, चुकलेल्या जिभेचा व्हिडिओ, ताज्या विष्ठेची डबी. डॉक्टरने प्राण्याइतकेच ते फोटो पाहिले. अशा आजारात बरेचदा अर्धं निदान पिंजऱ्यातच असतं.

उपचार नाट्यमय काही नव्हता. पाणी भरून काढणं, मोजून दिलेलं तोंडी कॅल्शियम, यूव्हीबी ट्यूब, काचेच्या टाकीऐवजी जाळीचा पिंजरा, फांद्या खाली आणून तळाशी मऊ कापड म्हणजे पडले तरी लागू नये. शक्य तितकं न हाताळणं, कारण अशी हाडं आपल्या पकडीनेही मोडतात. पहिल्या रात्री त्यांचं वजन ८३ ग्रॅम होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, वाचतील की नाही हे दोन आठवड्यांनी सांगतो, आणि वाचले तरी हात सरळ होणार नाही.

मुलाला हे सांगणं मला जड गेलं. त्याच्या आईचं म्हणणं, सुट्टी संपेपर्यंत सांगू नकोस. मी सांगितलं. प्राणी त्याचा होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "माझ्यामुळे झालं ना?" मी म्हटलं, हो, आणि ज्याने काहीच न सांगता टाकी देऊन टाकली त्याच्यामुळे, आणि आठ दिवस माझ्यामुळे. खोटं बोलून उपयोग नव्हता. त्या मुलाने आजीच्या गच्चीवरून रात्रभर बसून जे वाचलं, ते मी महिन्याभरात वाचलं नसतं.

आणखी दोन गोष्टी, पटकन. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, प्राणी निरोगी दिसत असला तरी. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी धुऊ नका, घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर जास्त जपा.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या फिरत्या लोकांची. व्हेल्ड शॅमेलिअन सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाची सीमा ओलांडायला परवाना लागतो. सामानासोबत नेता येत नाही. भारतात अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते, आणि आपला देशी घोयरा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, तो पाळताच येत नाही. बागेत सोडून देणं हा पर्याय नाही. फ्लोरिडात आणि हवाईत लोकांनी सोडलेल्या किंवा निसटलेल्या व्हेल्ड शॅमेलिअनची रानटी वस्ती झालीय, आणि दोह्याच्या ऑगस्टमध्ये तो कदाचित दुपारही काढणार नाही. नर नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. तुमच्या व्हिसापेक्षा जास्त.

पेशव्यांची पकड सहाव्या आठवड्यात परत आली. मुलगा आल्यावर पहिल्यांदा त्याच्या बोटावर चढले तेव्हा नखं टोचली आणि तो ओरडला, आनंदाने. डावा हात वाकडाच आहे, त्यामुळे चढताना ते उजव्या बाजूने वळून जातात. जीभ पूर्वीइतकी लांब जात नाही, म्हणून किडे वाटीत द्यावे लागतात. पिंजऱ्याला एक वही बांधलीय, दर शुक्रवारी त्यात वजन लिहिलं जातं. गेल्या शुक्रवारचा आकडा १२१. मुलगा पुढल्या वर्षी बारावी करून पुण्याला जाणार आहे, आणि पेशव्यांचं काय करायचं यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.